आंदर मावळात अँटेना कोणता लावावा?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय तुझ्या आवडीचा घे म्हणाले. त्यांना वाटलं असेल मी शाळेच्या आठवणी सांगीन. त्या माझ्यापेक्षा रंगवून सांगणारे इथे पुष्कळ आहेत, आणि सरांच्या छडीवर तर आत्तापर्यंत चार जण बोलून झाले. मी आज तारेबद्दल बोलणार आहे. गेली काही वर्षं सुट्टीला गावी आलो की मी झाडांवर तारा टांगत फिरतो हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. काहींनी आमच्या घरी चौकशीही केली, की याचं सगळं ठीक आहे ना. तर सगळं ठीक आहे. त्याला हॅम रेडिओ म्हणतात. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना आणि स्वतःचं एक बोलावण्याचं नाव घ्यायचं, ज्याला कॉल साईन म्हणतात, आणि मग ठरवून दिलेल्या लहरींवर स्वतःच्या यंत्रातून जगाशी बोलायचं. मध्ये कंपनी नाही, टॉवर नाही, रिचार्ज नाही.

यंत्र बाजारात मिळतं. अँटेना मात्र ज्याचा त्याने, आपल्या जागेप्रमाणे ठरवायचा असतो. आणि आपली जागा म्हणजे आंदर मावळ. कान्हे फाट्यावरून आत वळलं, टाकवे ओलांडलं, की दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येत जातात. वडेश्वरच्या पुढे ठोकळवाडीचं पाणी लागतं, आणि तिथून वर खांडी, कुसूरपर्यंत गेलात की पलीकडे एकदम कोकणचा कडा. या धरणाचं पाणी बोगद्यातून खाली भिवपुरीला जातं आणि १९२२ पासून त्यावर मुंबईसाठी वीज तयार होते. त्या कंपनीचं नाव होतं आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी. बाहेरच्या लोकांना ते आंध्र प्रदेशातलं वाटतं. ती आपली आंद्रा नदी.

अँटेना आपल्या पिढीला नवा नाही. कौलावर चढून तो फिरवायचा, आणि खालून कुणीतरी ओरडायचं, "आलं, आलं, गेलं! थोडं मागं!" दूरदर्शनचा तो माशाच्या काट्यासारखा अँटेना म्हणजे यागी. यागी आणि उदा या दोन जपानी प्राध्यापकांनी १९२६ च्या सुमारास तो शोधला. आडव्या नळ्यांपैकी एकीलाच वायर जोडलेली असते. तिच्या मागची नळी लहरी परत फेकते आणि पुढच्या नळ्या त्यांना एका दिशेला ओढून नेतात. म्हणून त्याचं तोंड सिंहगडाच्या टॉवरकडे करावं लागायचं. जरा हललं की पडद्यावर मुंग्या. अँटेना विषयातलं निम्मं शिक्षण आपलं त्या कौलावर झालेलं आहे: तो कुठे बघतो, आणि त्याच्या नि समोरच्याच्या मध्ये काय आहे.

मध्ये काय आहे, हाच आपला प्रश्न. हातात धरायचा जो वॉकीटॉकीसारखा सेट असतो, तो १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याच्या लहरी प्रकाशासारख्या सरळ जातात. पुण्यात इमारतीच्या गच्चीवरून त्या छान पोचतात. त्यासाठीचा अँटेना करणं तर पोरखेळ आहे. लहरीची लांबी काढायची तर ३०० ला मेगाहर्ट्झने भागायचं. १४५ ने भागलं की दोन मीटरच्या थोडं वर येतं. त्याचा चौथा भाग, म्हणजे साधारण अर्धा मीटर, एक काडी उभी आणि तशाच चार काड्या खाली पसरलेल्या. मी जुन्या छत्रीच्या काड्या वापरल्या. त्या पहिल्या पावसात गंजतात, पण प्रयोगाला चालतात. तो बांबूला बांधून खांडीला मावसभावाच्या परसात उभा केला. पुण्यातला एक मित्र ठरलेल्या वेळी सेट लावून बसला होता. सरळ रेषेत अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. अपेक्षा होती तसंच झालं: काही नाही. डोंगर मध्ये आहे, आणि डोंगराला आपली कॉल साईन कळत नाही. तोच अँटेना घेऊन कुसूरच्या पठारावर कड्याच्या बाजूला गेलो, तर खालचे कल्याणकडचे लोक शेजारी बसल्यासारखे बोलायला लागले. पण पावसाळ्यात, धुक्यात, रात्री कुणी कड्यावर जाऊन उभं राहावं हा काही उपाय नाही.

उपाय कशावर, ते आता सांगतो, कारण ही हौस माझ्यासाठी नुसती हौस राहिलेली नाही. आमच्या वाडीत काही वर्षांपूर्वी ऐन आषाढात माझ्या मावशीला लावणीच्या खाचरात साप चावला. वीज तीन दिवस नव्हती. वीज नाही म्हणून मोबाइलचा मनोरा बंद. ओढ्याला पाणी आल्यामुळे गाडी वाडीपर्यंत येत नव्हती. चार जणांनी झोळी केली आणि निघाले, आणि तिचा मुलगा फोन हातात धरून टेकडीवर टेकडी चढत सुटला. कुठे एक कांडी दिसली की फोन लावायचा, तो लागायचा नाही. रुग्णवाहिका यायला वेळ लागला नाही हो. तिला निरोप पोचायलाच दीड तास गेला. मावशी वाचली. आज ती इथे मागच्या रांगेत नातीला घेऊन बसली आहे, म्हणून हे मी मोकळेपणाने सांगू शकतो.

सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. आपल्या उत्तरेला खेड ओलांडला की आंबेगाव तालुका. तिथलं माळीण ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगराखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. गाव दिसत नाही, ही बातमी बाहेर कुणी आणली? नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाने. एसटी आली नसती तर? आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री कड्याखाली, खालापूरकडे, इर्शाळवाडी. तिथे मदतीला जाणाऱ्यांना अंधारात, पावसात पायी डोंगर चढावा लागला. त्या वाड्या आणि आपल्या वाड्या यात मला तरी काही फरक दिसत नाही. तोच पाऊस, तसाच उतार.

तर डोंगर ओलांडायचा कसा? विहिरीत उतरलेल्या माणसाने वरच्याला हाक मारायची असेल तर तो भिंतीकडे तोंड करून ओरडत नाही, वर तोंड करून ओरडतो. तेच इथे. सात मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी, ज्याला आम्ही चाळीस मीटरचा पट्टा म्हणतो, वर पाठवल्या की अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनोस्फिअर नावाच्या थरावरून त्या खाली परततात. अगदी सरळ वर पाठवल्या तर कारंजाच्या पाण्यासारख्या आजूबाजूच्या तीन-चारशे किलोमीटरांत सगळीकडे पडतात. मध्ये डोंगर असला काय आणि नसला काय. दिवसा हे उत्तम चालतं. उत्तररात्री तो थर विरळ होतो, तेव्हा जवळची स्टेशनं कधीकधी गायब होतात आणि लांबची ऐकू येतात.

आता गंमत अशी की पुस्तकातला शहाणा माणूस सांगतो, अँटेना जितका उंच तितका चांगला. लांब देशांत बोलायचं असेल तर ते खरं आहे. चाळीस मीटरच्या पट्ट्यासाठी त्याला निदान वीस मीटर उंची हवी, म्हणजे सहा-सात मजली इमारत. आपल्याला युरोपात नाही, वडगावला आणि पुण्याला बोलायचंय. त्यासाठी आडवी तार जमिनीपासून पाच-सहा मीटरवर असली की झालं. बुटका अँटेना लहरी वरच फेकतो. गरिबाला आणि आळशाला एकदम परवडणारी ही विद्या आहे, म्हणून ती मला फार आवडते.

तरी खात्री करायची म्हणून मी दोन्ही करून पाहिले. आधी दहा मीटरचा कळक उभा करून त्याला उभी तार बांधली, खाली जमिनीवर आठ तारा पसरल्या. उभी तार लहरी क्षितिजाकडे पाठवते आणि डोक्यावर जवळजवळ काहीच पाठवत नाही. संध्याकाळी केरळातली माणसं स्वच्छ ऐकू आली. पुण्यातला मित्र मात्र म्हणाला, "तू आहेस असं वाटतंय, पण बोलतोयस काय ते कळत नाही." शिवाय उभ्या तारेत विजेच्या लाइनचा चरचराट जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी आडवी तार. हिला डायपोल म्हणतात आणि यापेक्षा सोपं काही नाही. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा; ७.१ साठी वीस मीटर आणि वर थोडं. मधोमध कापायची, दोन्ही तुकडे मधल्या केबलला जोडायचे, टोकं झाडांना बांधायची. घराच्या वायरिंगची तार चालते. पण प्लॅस्टिकच्या आवरणामुळे ती हिशोबापेक्षा थोडी कमी लागते, म्हणून आधी एकवीस मीटर घेतली आणि दोन्ही बाजूंनी सारखी छाटत गेलो. दर वेळी मीटर बघायचा. तो सांगतो की पाठवलेल्या शक्तीतली किती अँटेना न घेता परत पाठवतो. आकडा तीन आला तर पाव शक्ती परत, दीड आला तर शंभरातली चार. शेवटी एकोणीस मीटर सत्तर सेंटीमीटरवर तो आकडा दीडच्या खाली आला. एक टोक आंब्याला, दुसरं जांभळीला. दोरी फांदीवरून टाकायला गलोल, आणि दोरीच्या टोकाला झाडाशी पक्की गाठ नाही, तर कप्पी आणि दगड. वाऱ्यात झाड हललं की दगड वर-खाली होतो, तार तुटत नाही. टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे. मधल्या केबलचे खाली आठ-दहा वेढे, म्हणजे केबल स्वतःच अँटेना व्हायला बघत नाही. ट्रॅक्टरची बॅटरी लावली आणि बोललो.

मित्र म्हणाला, "कुठून बोलतोयस? कोथरूडातून?"

त्या तारेवर मग नाशिक लागलं, सोलापूर लागलं. तार खाली आणून तीन मीटरवर बांधली तरी पुणे ऐकू येत होतं. आवाज थोडा उतरला, पण खरखरही उतरली. मग एकाच कळकावर मध्य चढवून दोन्ही टोकं खाली ओढून उलट्या व्हीसारखा तंबू केला. झाडं नसतील त्या माळावर हा प्रकार बरा, एका माणसाला अर्ध्या तासात उभा करता येतो. लांबी पुन्हा थोडी जुळवावी लागते इतकंच. या सगळ्याला मावसभावाच्या सासूबाईंचा एकच आक्षेप होता, की एवढी चांगली तार बांधलीय तर गोधड्या का वाळत घालू देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर घातलेल्या होत्या. ओल्या गोधडीने अँटेना किती बिघडतो याची मोजणी माझ्या वहीत आहे. जगात ती बहुधा माझ्याकडेच असावी.

हे आडव्या तारेचं शास्त्र आपल्या भागाला परकं नाही. १९२७ मध्ये इंग्लंडशी बिनतारी संदेशांची जी सेवा सुरू झाली, तिचं पाठवायचं केंद्र खडकीला आणि घ्यायचं दौंडला होतं. उंच मनोऱ्यांवर तारांचे अक्षरशः पडदे टांगलेले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, जागा बदलत, पोलिसांना चुकवत, नोव्हेंबरमध्ये पकडले जाईपर्यंत. त्यांची लहर होती ४२.३४ मीटर. भागाकार करा: सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. म्हणजे आज आम्ही ज्या पट्ट्यात "नमस्कार, कसं काय" करतो, बरोबर तोच. युद्धामुळे तेव्हा हौशी लोकांचे परवाने बंद होते. आणि इथून उत्तरेला नारायणगावजवळ खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, पण पत्र्याच्या नाहीत; दोरांवर ताणलेल्या बारीक पोलादी तारांच्या जाळीच्या. वारा त्यातून निघून जातो. आमच्या डोंगरांनी शहरांचा गोंगाट अडतो म्हणून तिथली जागा निवडली. जो डोंगर मला नडतो तोच त्यांना हवा होता.

आपत्तीत हे खरंच कामाला येतं का, असं मला आपल्यातल्याच एकाने जेवताना विचारलं. २००४ च्या डिसेंबरात हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौसेखातर पोर्ट ब्लेअरला गेले होते, अंदमानातून जगाशी बोलायला. २६ तारखेला त्सुनामी आली. फोन गेले. त्यांचा अँटेना होता. हौस तिथेच थांबली आणि पुढचे दिवस ते "अमुक कुटुंब सुखरूप आहे" असे निरोप मुख्य भूमीवर पाठवत राहिले. ज्यांच्या घरी ते निरोप पोचले त्यांना विचारा कामाला येतं का.

दोन गोष्टी मात्र बजावून सांगतो, विशेषतः ज्यांची पोरं हे ऐकून उद्या झाडावर चढतील त्यांना. विजेच्या तारेच्या जवळपास, खाली किंवा वर, अँटेना कधीही टांगायचा नाही. तुटून पडला तरी तिच्यावर पडणार नाही इतकं अंतर हवं. आणि वळवाचे ढग दिसले की केबल यंत्रापासून काढून घराबाहेर ठेवायची. यात हुशारी चालत नाही.

आता मागणी. मला पैसे नकोत, संयोजकांनी घाबरू नये. एक तार आपल्या शाळेच्या मैदानावर कायमची हवी, आणि दुसरी वरच्या वाड्यांसाठी पोत्यात भरून तयार हवी: तार, दोरी, कप्प्या, छोटा सेट, बॅटरी. सेट माझ्याकडे दोन आहेत, एक शाळेला देतो. मुख्याध्यापकांशी बोललो, त्यांनी ध्वजस्तंभ सोडून कुठेही बांधा म्हणून सांगितलं आहे. खरी अडचण माणसांची. मी पुण्यात राहतो. पाऊस लागेल त्या दिवशी मी इथे असेनच असं नाही. परवाना असलेला माणूस खोऱ्यात हवा, निदान चार-पाच जण. परीक्षा दूरसंचार खात्याकडून होते, वय बारा पूर्ण असलं की कुणालाही देता येते. खालच्या श्रेणीला मोर्सही लागत नाही. प्रश्न रेडिओच्या तत्त्वांवर आणि नियमांवर. गणित जे लागतं ते आत्ता तुमच्यासमोर झालं, दोन भागाकार. आपल्या विज्ञानाच्या सरांनी वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी मला परवा फोनवर विचारलं, "मला बसता येईल का?" सर, येईल. वरची वयोमर्यादा नाही. तुमचं नाव मी वहीत पहिलं लिहिलं आहे.

वही त्या खिडकीपाशी ठेवली आहे, गोधडीच्या आकड्यांचीच आहे, पानं उलटून बघा. आणि उद्या सकाळी आठ वाजता मैदानावर पहिली तार चढवायची आहे. दक्षिणेकडच्या चिंचेची फांदी नऊ मीटरवर आहे आणि माझी गलोल आता तितकी वर जात नाही. आपल्या वर्गात आंबे कोण पाडायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याने कृपया वेळेवर यावं.